आधी हात, मग आवाज

मी वाजवायचं थांबवलं की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, झाली का जोडणी? मग करा की सुरू." मी तेव्हा घाम पुसत असतो. जे सुरू करायचं ते करून संपलेलं असतं. पूर्वी मी समजावून सांगायचो. आता गप्प बसून वायरी गुंडाळतो, गुंडाळताना मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या देतो आणि घरी पोचेपर्यंत त्या शिव्यांची लाज वाटायला लागते. तो बिचारा स्वतःची संध्याकाळ मोडून आलेला असतो.

मी सांगलीत आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि उरलेल्या वेळात ड्रम वाजवतो. म्हणजे काय करतो ते एकदाच सांगून टाकतो. एक जुना साइड ड्रम आडवा ठेवतो. शेजारी पितळेची परात, लोखंडी तवा आणि घुंगरांची माळ. दारावरच्या घंटीत बझरची पितळी चकती असते, तशा चकत्या या सगळ्यांच्या पाठीला चिकटवतो. त्या चकत्या नख ओढल्याचा आवाजसुद्धा उचलतात. तो आवाज मी घरी बनवलेल्या डब्यांतून जातो, कुठे लांबतो, कुठे फाटतो, कुठे फिरून फिरून परत येतो. काय वाजवायचं ते आधी ठरलेलं नसतं. जॅझमध्ये वाजवणारे एकमेकांचं ऐकत तिथल्या तिथे रचत जातात, तसंच हे. सोबत मिरजेचा एक क्लॅरिनेटवाला असतो. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो आणि मुहूर्त नसले की माझ्याकडे येतो. खरखर, घरघर, शिट्टी हे सगळं आम्हाला चालतं. चालतं कसलं, तेच हवं असतं.

बायकोचं म्हणणं एवढंच असतं, "तवा नेलात तो परत द्या. आणि बुडाला काय चिकटवलंय ते आधी काढून द्या. मागच्या वेळी धिरड्यांना जळक्या गोंदाचा वास येत होता."

तिच्या बोलण्यावर मी चिडतो. पण ती बरोबर असते.

हे वादन ज्या एका माणसानं ऐकावं असं मला फार वाटत होतं, तो माणूस बहिरा होत चालला होता. ते माझे वडील, आप्पा.

आप्पा फौजेत होते, पाइप बँडमध्ये. साइड ड्रम वाजवायचे. आमचं गाव कोयनानगरच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. गावातल्या घरटी एक माणूस फौजेत. बाकीच्यांचे वडील सुटीवर येताना रमची बाटली आणि हिरवं ब्लँकेट आणायचे. आमचे आप्पा ड्रमच्या दोन काठ्या घेऊन यायचे. घरात ड्रम नव्हता. गोधडीची जाड घडी घालून ती माझ्यापुढे ठेवायची, मी काठ्या धरायच्या आणि आप्पांनी समोर मांडी घालून बसायचं, ही आमची शिकवणी. गोधडीवर आवाज येत नाही. त्यांना तेच हवं असायचं. "आधी हात, मग आवाज," म्हणायचे. बँडमध्ये त्यांना असंच शिकवलेलं. परेड बघणाऱ्याला लांबून काठ्या आधी दिसतात आणि आवाज मागून पोचतो. एकाची काठी बोटभर खाली राहिली तर सगळी रांग वाकडी दिसते. त्यामुळे आप्पा माझं वाजवणं डोळ्यांनी तपासायचे. सुटी संपेपर्यंत त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "डावा!" माझा डावा हात उशिरा यायचा. लहानपणभर मी असा मुका ड्रम वाजवला. बहुधा म्हणूनच मोठा झाल्यावर मला एवढा आवाज करावासा वाटला.

आई गेल्यावर मी आप्पांना सांगलीला आणलं. त्यांच्या भल्यासाठी आणलं असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे दर शनिवारी घाटातून गावी जाऊन यायचा मला कंटाळा आला होता. शेत, गोठा, पारावरच्या गप्पा सोडून ते आमच्या तिसऱ्या मजल्यावर आले. गुडघे दुखतात आणि लिफ्ट बहुतेक वेळा बंद. दिवसभर बाहेरच्या खोलीत कॉटवर बसून माझी वाट बघायचे. मी आलो की त्यांच्यासोबत चहा प्यायचा आणि आतल्या खोलीत ड्रमपाशी जाऊन दार लावायचं. दार लागलं की ते कानातलं मशीन काढून डबीत ठेवायचे. हे मला दिसायचं. लागायचं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मशीननं अजून काही काळ भागेल. पुढे आवाज पोचेल, पण तो कशाचा आहे हे त्यांना उमजणं अवघड आहे." किती काळ, तर त्यांनी नुसते हात पसरले. तेव्हापासून मी आप्पांच्या मागे लागलो.

"आप्पा, आज आत येऊन बसा. ऐका जरा."

"ऐकतोय की. भित्तीतनं येतंयाच."

"भिंतीतून नव्हे. मशीन लावून, समोर बसून."

"मशीन लावलं की डोस्कं दुखतंय रं. टीव्हीलासुदिक लावत न्हाई मी."

"टीव्ही आणि मी एकच का?"

यावर ते खिडकीबाहेर बघायला लागायचे. मी पाय आपटत आत जायचो. पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि बापानं आपलं ऐकावं म्हणून रुसतोय.

एका रविवारी दुपारी क्लॅरिनेटवाला आला होता. ड्रमच्या खाली एक अगदी खालचा सूर सतत धरून ठेवायचा, असं आमच्या डोक्यात होतं. तो इतका खालचा की कानाला जेमतेम कळेल, पण फरशीला कळेल. बेसचा मोठा डबा नवीन आणला होता. तो जमिनीवर ठेवून मी हळूहळू आवाज चढवत नेला. छान जमत होतं. क्लॅरिनेटवाल्यानं डोळे मिटलेले. आणि दाराची घंटी वाजली.

दारात तळमजल्यावरचे गृहस्थ. गालाला दाढीचा साबण तसाच. "सर, भूकंप झाला का?"

"नाही."

"मग काका सगळ्यांना बाहेर का काढतायत?"

मी गॅलरीत धावलो. खाली पार्किंगमध्ये आप्पा बनियनवर उभे, चपला हातात. भोवती निम्मी बिल्डिंग. एकीचा हात कणकेनं भरलेला, कुणाच्या कडेवर झोपेतलं पोर. झोपेत आप्पांची कॉट हलली, तसे ते उठले आणि जिना उतरता उतरता प्रत्येक दार बडवत खाली गेले. आमच्या कोयनेच्या भूकंपपट्ट्यातल्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. कॉट हलली की आधी अंगण, मग विचार. मी दिसताच त्यांनी खालून आवाज दिला, "खाली ये आदी! भांडी वाजायची वाट बगत बसू नगंस!"

"आप्पा, मीच होतो तो!"

मशीन डबीत. त्यांना काय ऐकू येणार? "आरं बायकूला घिऊन ये खाली!" ते ओरडत राहिले. शेवटी मी खाली जाऊन त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "भूकंप नाही! माझा स्पीकर होता!"

सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं. दाढीवाले म्हणाले, "सर, पुढच्या वेळी आधी सांगत जा. आम्ही चपला घालूनच बसतो." सगळे हसले. कणकेचा हात घेऊन आलेली बाई तेवढी हसली नाही.

आप्पा कठडा धरून एकेक पायरी चढायला लागले. मी हात पुढे केला तर घेतला नाही. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले तेव्हा म्हणाले, "लोकं हादऱ्याला भिऊन घरंदारं सोडत्यात. आन् तू त्यो डब्यात घालून घरात आणलास व्हय?"

त्या रात्री मी धड जेवलो नाही. या लोकांनी वर्षभरात कधी त्यांना 'कसे आहात' म्हणून विचारलं नव्हतं, आणि हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी उतरत त्यांचीच दारं बडवत गेला होता. पण लाज याहून वेगळ्याच गोष्टीची आहे. गॅलरीतून त्यांना पाहिलं तेव्हा, खाली धावायच्या आधी, मला क्षणभर आनंद झाला होता. माझं वाजवणं एकदाचं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

पुढे सांगलीतच आमचा कार्यक्रम ठरला. काही हौशी मंडळींनी एक छोटा हॉल घेतला होता. नेमकी त्याच दिवशी बायको भाचीच्या साखरपुड्याला लोणंदला निघाली. आप्पांना एकटं ठेवायची सोय नव्हती.

"त्यांना घेऊन जा की," ती बॅग भरत म्हणाली. "ऐकवायचंय ऐकवायचंय म्हणून माझं डोकं खाता. आता आयते सापडलेत."

आप्पा इस्त्रीचा सदरा घालून तयार होऊन बसले. मी स्वतः त्यांच्या मशीनची बॅटरी बदलली, स्वतः कानात बसवलं. "आज काढायचं नाही हं आप्पा. एवढं एक करा माझ्यासाठी."

"बरं बाबा, न्हाई काढत."

हॉलवर आवाजाची व्यवस्था एका डॉल्बीवाल्याकडे होती. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी करणारा माणूस. एरवी असले किरकोळ कार्यक्रमही घेतो. मी दुपारीच त्याला बसवून सांगितलं, "स्पीकरमधून शिट्टी आली तरी कशालाही हात लावायचा नाही. शिट्टी आम्हीच काढणार आहोत."

"सर, शिट्टी आली आन् मी गप बसलो, तर उद्या मला काम कोन देनार?"

"आजच्या दिवस बसा."

"बरं. तुमी म्हनशिला तसं." भातात खडे घालायला सांगितल्यासारखं तोंड करून तो आपल्या टेबलामागे गेला.

आम्ही सुरू केलं. आप्पा पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. सुरुवात दणक्यात झाली. क्लॅरिनेट खालच्या सुरात गुरगुरत होतं आणि मी तव्यावरचे घाव डब्यातून फिरवत होतो. मग सगळं उतरवत उतरवत आम्ही पार तळाशी आलो, जिथे मी परातीच्या कडेवरून फक्त नख फिरवत असतो. हॉल चिडीचूप. आणि शिट्टी सुरू झाली. बारीक, उंच, सुईसारखी.

ती आमची नव्हती.

डॉल्बीवाला ताडकन उभा राहिला. मी काठी हलवून 'नको' म्हणून खुणावलं. 'लवकर कर' म्हणतोय असा त्याचा समज झाला. त्यानं परात बंद केली. शिट्टी तशीच. तवा बंद केला. शिट्टी तशीच. ड्रमही बंद केला. माझे दीड महिने खपून बनवलेले सगळे डबे एका मिनिटात मुके झाले. मग तो वाकून, जवळजवळ रांगत, स्टेजवर आला आणि माझ्या पायाशी वायरी चाचपायला लागला. "सर, सापडंना!" कुजबुजला.

"जा इथून!"

"पर शिट्टी हाय की अजून!"

"जा म्हणतो ना!"

तो रांगतच परत गेला. तोवर मला उमगलं होतं. ही शिट्टी घरातली, ओळखीची. आप्पा मशीन घालून उशीवर कलंडले की असाच आवाज येतो. मशीन दाबलं गेलं की ते स्वतःचाच आवाज ऐकून केकाटतं. एवढा उंच सूर आप्पांना स्वतःला ऐकू येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. लोक माना वळवून बघत होते. आप्पा ताठ बसून माझ्याकडे बघत होते.

खाली उतरून त्यांना सांगायचं, तर ओरडून सांगावं लागणार. भरल्या हॉलमध्ये. न सांगावं, तर कार्यक्रम गेलाच. इतका राग मला क्वचित आला असेल. डॉल्बीवाल्याचा, मशीनचा, आणि हो, आप्पांचाही. आयुष्यात एकदाच ऐकायला आले आणि तेही असे.

क्लॅरिनेटवाल्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लग्नात बँड वाजवणाऱ्याला भटजी, कुकर, रडणारी पोरं सगळ्यांतून वाट काढायची सवय असते. त्यानं आपला सूर उचलून त्या शिट्टीच्या थोडा खाली नेऊन ठेवला. दोन सूर इतके जवळ आले की एकमेकांवर घासतात आणि त्यातून एक थरथर निघते. ती थरथर हॉलमध्ये फिरायला लागली. माझ्यापुढे आता नुसता उघडा ड्रम. वायर नाही, डबा नाही. मी त्या थरथरीचा वेग धरला आणि बोटांनी वाजवायला लागलो, मग काठ्यांनी. शिट्टी हलली, की आम्ही हलायचो. ती मध्येच चढायची, दबायची, परत फुटायची, आणि आम्ही तिच्या मागे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी आजवर जे काही वाजवलं, त्यातलं ते सगळ्यात चांगलं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. त्यात माझा वाटा कमीच होता.

आम्ही थांबलो. शिट्टी थोडा वेळ एकटीच राहिली. मग टाळ्या पडल्या. 'सुरू कधी करणार' असं कुणीही विचारलं नाही.

मी स्टेजवरून उडी मारली आणि आप्पांपुढे जाऊन उकिडवा बसलो. "ऐकलंत, आप्पा?"

त्यांनी 'थांब' म्हणून हात वर केला. सदऱ्याच्या खिशात बोटं घातली, आतून मशीन काढलं. ते केकाटतच होतं. त्यांनी ते सावकाश कानात बसवलं. शिट्टी बंद झाली.

"हां. आता बोल."

मागून डॉल्बीवाला आला, घामाघूम आणि खूश. "सर, गेली बगा शिट्टी. घालवलीच शेवटी."

परतताना पुलाच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी अडकली. मी तोवर धरून ठेवलं होतं, तिथे सुटलो.

"कधी काढलंत मशीन?"

"सुरवातीलाच. तुजा त्यो पिपानीवाला मित्र रेड्यावानी वरडाय लागला तवा."

"काढणार नाही म्हणाला होतात!"

"म्हनलं व्हतं. पर डोस्कं दुखाय लागलं. मग खिशात टाकलं."

"बंद तरी करायचं!"

"ते बटान लय बारीक हाय. गावत न्हाई मला."

"मग एवढा वेळ तुम्ही नुसते बसून काय केलंत?"

"बगत व्हतो की," आप्पा म्हणाले. "तुजा डावा अजून उशिरा येतुया."

मी स्टिअरिंगवर हात आपटला. "आप्पा, या वादनात ताल नसतो! यात लवकर नाही, उशीर नाही! जे सुचेल ते, सुचेल तेव्हा!"

"आसं," ते म्हणाले. जरा विचार केला. "मग उजवा कसा येळंवर येतुया?"

पुढचा ट्रॅक्टर हलला म्हणून बरं.

क्लॅरिनेटवाल्यानं स्टेजच्या कडेला फोन ठेवून सगळं रेकॉर्ड केलं होतं. दोन दिवस मी ते ऐकलं नाही. ज्या माणसाला ऐकवायचं, त्यानं कानातून काढून टाकलेलं यंत्र आमचा तिसरा वादक झालं होतं. याचं कौतुक काय करायचं? क्लॅरिनेटवाला म्हणाला, "सर, लय भारी झालंय, ऐका तरी." शेवटी ऐकलं.

डावा उशिरा येतो. दर वेळी नाही, पण जोर चढला की येतो. एकदा कळल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना.

मग शिट्टीकडे लक्ष गेलं. ती सरळ नाही. काही जागी ती दबते आणि उंच होते, आणि त्या जागा कोणत्या, तर मी काठ्या उचलून जोरात वाजवायला लागतो त्या. खिशावर दाब पडल्याशिवाय असं होणार नाही. म्हणजे तिथे तिथे आप्पा खुर्चीत पुढे वाकले असणार, माझे हात नीट दिसावेत म्हणून. मला हे छातीठोक सांगता येणार नाही. नुसती कूस बदलली असेल. पण मी तेवढंच पुन्हा पुन्हा लावून ऐकतो.

त्यांनी ऐकलं नाही ते नाहीच. आता ऐकणारही नाहीत, मशीन डबीतून बाहेर निघणंच कमी झालंय. त्याचा राग गेलाय असं मी म्हणणार नाही. बेसचा डबा मात्र मी क्लॅरिनेटवाल्याच्या घरी नेऊन ठेवला.

रविवारी मी माळ्यावरून गोधडी काढली, जाड घडी घातली आणि बाहेरच्या खोलीत आप्पांच्या कॉटपुढे मांडी घालून बसलो. त्यांनी चष्मा पुसून घातला. बायको स्वयंपाकघरातून डोकावली.

"हे काय आता नवीन? याला तरी आवाज आहे का?"

"नाही."

"बरं झालं. खाली सांगून येते, आज कुणी चपला घालू नका म्हणून."

मी सुरू केलं. गोधडीवर काठ्या पडत होत्या, धप धप, धुळीसकट. आप्पा कॉटच्या कडेला येऊन पुढे वाकले.

"डावा."

"आप्पा, आत्ता बरोबर होता!"

माझं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि आलं असतं तरी फरक पडला नसता. त्यांनी हात लांब करून माझा डावा कोपर बोटानं खाली दाबला.

"हितं धरून ठिवतोस. सोड. हां. परत."